व्याळू, वाळु आणि खिचडीचे तपेले
(बडोद्यातील मराठी घरांच्या रात्रीच्या जेवणाविषयी काही टिपणे)

माझ्या आजीच्या तोंडी रात्रीच्या जेवणाला 'व्याळू' हा शब्द होता. आमच्या भिंतीला भिंत लागून राहणारे गुजराती कुटुंब त्याच जेवणाला 'वाळु' म्हणे. लहानपणी मला वाटे की शेजारच्या काकींना आमचा शब्द नीट उच्चारता येत नाही. आणि त्यांच्या मुलांना, बहुधा, आमच्याविषयी हेच वाटत असावे. पुढे कोश चाळण्याची सवय लागली तेव्हा कळले की दोन्ही शब्द सख्खी भावंडे आहेत. संस्कृतातील 'विकाल' म्हणजे दिवस कलण्याची वेळ. त्यापासून प्राकृतातून मराठीत व्याळू, गुजरातीत वाळु आणि हिंदीत ब्यालू असे तीन शब्द तीन वाटांनी आले. बडोद्यात त्यांतील दोन वाटा पुन्हा एकमेकींना भेटल्या, इतकेच.

हा शब्द मराठीत किती जुना आहे हे पाहायचे तर 'लीळाचरित्र' उघडावे. म्हाइंभटांनी तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात रचलेल्या या ग्रंथात श्रीचक्रधरांच्या दिनक्रमाचे उल्लेख जागोजाग येतात, आणि त्यांत संध्याकाळच्या 'व्याळी'चाही येतो. महानुभाव परंपरेनुसार चक्रधर मूळचे भडोचचे, म्हणजे गुजरातचे. नर्मदाकाठच्या प्रधानाचा मुलगा गोदावरीकाठच्या मराठी घरांत संध्याकाळी पानावर बसतो, आणि त्याची नोंद मराठी गद्याच्या पहिल्या मोठ्या ग्रंथात होते! गुजराती आणि मराठी माणसाच्या एकत्र व्याळूचा याहून जुना लेखी पुरावा मला ठाऊक नाही. आपल्या वाचनालयाच्या शताब्दीग्रंथात राजकारण, साहित्य, नाटक, संगीत यांवर अधिकारी व्यक्तींनी लिहिले आहे. मी स्वयंपाकघराचा विषय घेतला त्याचे धाष्टर्य या एका नोंदीमुळे झाले.

परंतु अडचण पुढेच आहे. रात्रीच्या साध्या जेवणाचा इतिहास लिहायचा कशावरून? दप्तरांत मेजवान्यांचे हिशेब सापडतात. मुंजी, लग्ने, श्राद्धे, ब्राह्मणभोजने यांच्या याद्या सापडतात. त्यांत तूप किती, साखर किती, पत्रावळी किती हे सारे असते. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे 'सूपशास्त्र' १८७५ साली निघाले, लक्ष्मीबाई धुरंधर यांचे 'गृहिणी-मित्र' १९१० साली. दोन्ही पुस्तके मोलाची आहेत. तथापि पाककृतींची पुस्तके पदार्थ सांगतात, जेवण सांगत नाहीत. बुधवारी रात्री आठ वाजता, सकाळची भाजी उरलेली असताना, घरात सहा माणसे आणि एकच चूल असताना काय शिजले, हे त्यांत कोठून असणार? त्यामुळे या लेखाचा काही भाग लेखी साधनांवर आहे, काही भाग आठवणींवर. आणि जेथे आठवण आहे तेथे मी ती आठवण म्हणूनच देत आहे.

मराठे बडोद्यात आले ते प्रथम शिपाई म्हणून. पिलाजीराव गायकवाडांनी १७२१ च्या सुमारास सोनगडहून गुजरातेत हालचाली वाढविल्या. १७३२ साली डाकोर येथे त्यांचा खून झाला. आणि १७३४ मध्ये बडोदे कायमचे गायकवाडांकडे आले. या फौजेबरोबर आलेल्या माणसांना धान्याचा परकेपणा फारसा जाणवला नसावा. चरोतरात बाजरी होती, कानमच्या काळ्या जमिनीत ज्वारी आणि तूर होती. देशावरचा माणूस संध्याकाळी भाकरी खाई, येथला 'रोटलो' खाई, वस्तू एकच. भाकरी थापण्याची लय निराळी, जाडी निराळी, पण तवा उतरल्यावर तिच्यावर लोणी घालावे यावर दोघांचे एकमत.

खरा फरक पडला तो दीडशे वर्षांनी. मल्हारराव पदच्युत झाल्यावर १८७५ साली नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावचा बारा वर्षांचा मुलगा दत्तक येऊन सयाजीराव महाराज झाला, आणि १८८१ च्या अखेरीस त्यांना पूर्ण अधिकार मिळाल्यानंतर संस्थानात नव्या खात्यांची रीघ लागली. शाळा, महाविद्यालय, कलाभवन, न्यायखाते, ग्रंथालये. या सर्वांना शिकलेली माणसे हवी होती. ती पुण्याहून, साताऱ्याहून, कोकणातून, मुंबईहून आली. गोविंद सखाराम सरदेसाई १८८९ मध्ये येऊन १९२५ पर्यंत येथे राहिले. त्यांच्यासारखे नावाने ठाऊक असलेले थोडे, बाकीचे शेकडो कारकून, मास्तर, ओव्हरसिअर. या लोकांबरोबर दांडिया बाजारात आणि रावपुऱ्यात एक मराठी स्वयंपाकघर आले असे आपण म्हणतो. वस्तुतः ती पाच-सहा स्वयंपाकघरे होती. कोकणस्थांचे, देशस्थांचे, कायस्थ प्रभूंचे, सारस्वतांचे, मराठ्यांचे. राजवाड्यातही तेच होते. महाराजांच्या पहिल्या राणीसाहेब तंजावरच्या, दुसऱ्या देवासच्या. तंजावरहून नृत्यकलेतील स्त्रिया बडोद्यास आल्या हे सर्वश्रुत आहे. त्यांच्याबरोबर कोणती चिंच आणि कोणता मसाला आला याचा शोध कोणीतरी घ्यायला हवा.

या पाच-सहा स्वयंपाकघरांचा मुद्दा मी मुद्दाम मांडतो, कारण 'गुजराती गोड खातात आणि मराठी तिखट' हे जे सोपे वाक्य आपण नेहमी ऐकतो ते बडोद्यात टिकत नाही. गुजराती डाळीत गूळ असतो, आंबटपणासाठी कोकम किंवा चिंच असते, सणासुदीला भुईमुगाचे दाणे असतात. आता कोकणस्थाच्या आमटीत काय असते? गूळ आणि आमसूलच. फरक गोड्या मसाल्याचा आणि दाटपणाचा. म्हणून रत्नागिरीकडून आलेल्या कुटुंबाने शेजारची डाळ चाखून फारशी कुरकुर केली नाही. कुरकुर केली ती देशावरून आलेल्यांनी, ज्यांच्या घरी आमटी म्हणजे चणचणीत, आणि गोडे वरण म्हणजे मीठ-हळद-हिंगापुरते, त्यात गुळाचा बोटभर खडा असला तर असला. 'गोड डाळ' हा बडोद्यातला वाद मराठी विरुद्ध गुजराती असा नव्हता. तो मराठी घरांच्या आतलाच वाद होता, आणि गुजराती शेजार हे केवळ त्याचे निमित्त झाले.

डाळीवरून आठवले. बडोद्याची तूर म्हणजे वासदची तूर, असे येथील गृहिणींचे मत. बडोदे-आणंद वाटेवरच्या या गावची डाळ लवकर शिजते आणि घोटली की एकजीव होते. पुण्याहून आलेली पाहुणी जाताना ती बांधून नेई. आणि बदल्यात पुढच्या खेपेस दगडफूल, नागकेशर, सुके खोबरे घेऊन येई, कारण येथील मसाला म्हणजे धने-जिऱ्याची पूड. काळा मसाला उन्हाळ्यात घरी भाजला की गल्लीभर ठसका जाई आणि शेजारच्या काकी पदर नाकाला लावून दारे लावून घेत. डिसेंबरात त्या उंधियूच्या पापडीला ओवा-हिरव्या लसणाचे वाटण लावीत तेव्हा मात्र आमची दारे उघडीच असत.

शब्दांच्या गमती तर विचारू नयेत. नवी मराठी सून सासरी बडोद्यास आली की पहिला महिना तिची फसगत होई. गुजरातीत 'भाजी' म्हणजे फक्त पालेभाजी. बाकी सारे 'शाक'. तेव्हा दारावरच्या भाजीवालीला 'भाजी आहे का' विचारले तर ती मेथी-पालक पुढे करी आणि पाटीतली वांगी झाकून ठेवी. 'भाखरी' म्हणजे भाकरी नव्हे. ती जाडसर दळलेल्या गव्हाच्या पिठाची, तेलाचे भरपूर मोहन घातलेली, मंद आचेवर दाबून दाबून कडक भाजलेली वस्तू. 'खांडवी' हा शब्द ऐकून कोकणातल्या मुलीच्या डोळ्यांसमोर तांदळाच्या रव्याची गुळाची वडी येई. पानात पडे ती आमची सुरळीची वडी! आपली अळूवडी येथे 'पात्रा' होई, वऱ्याचे तांदूळ 'मोरैयो' होत, भरीत 'ओळो' होई. पुरणपोळीला 'वेढमी' म्हणत, आणि ती तुरीच्या डाळीची असे. हरभऱ्याच्या डाळीचे पुरण आणि तुरीच्या डाळीचे पुरण यांत श्रेष्ठ कोणते हा प्रश्न बडोद्यात अद्याप निकालात निघालेला नाही. आपण पुरण शिजवून उरलेल्या पाण्याची कटाची आमटी करतो, ते डाळीच्या पाण्याचे 'ओसामण' करतात. डाळ वेगळी, युक्ती तीच, काटकसरही तीच.

संध्याकाळच्या जेवणापुरते पाहिले तर या साम्यांतले सर्वांत महत्त्वाचे साम्य वरणफळांचे. सकाळचे वरण उरले, त्यात पाणी आणि तिखट-मीठ घालून उकळी आणली, कणकेच्या लाटीचे शंकरपाळ्यासारखे तुकडे सोडले, वरून तूप घातले, की एका पातेल्यात सगळ्या घराचे रात्रीचे जेवण होते. देशावर यालाच चकोल्या म्हणतात. गुजरातीत हीच दाळ-ढोकळी. ढोकळीच्या कणकेत हळद, तिखट आणि ओवा असतो, डाळ आंबटगोड असते; वरणफळांत कणीक साधी आणि आमटी आपापल्या घरची. बडोद्यातील मराठी घरांत मी दोन्हींच्या मधला असा एक प्रकार खाल्ला आहे की ज्याची कृती कोणत्याही पुस्तकात नाही. कणीक गुजराती रीतीने मळलेली, आमटी गोड्या मसाल्याची, दाणे घातलेले, आणि वरून लिंबाऐवजी आमसूल. त्याला नावही निश्चित नव्हते. आई वरणफळे म्हणे, आम्ही मुले ढोकळी म्हणत असू.

मात्र बडोद्याची संध्याकाळ ज्या पदार्थाने ओळखावी तो खिचडी. खिचडीवर गुजरातचा हक्क आहे असे गुजराती माणूस मानतो, आणि त्याला आधारही आहे. जहांगीर बादशहा १६१८ साली गुजरातेत असताना त्याने येथली बाजरीची खिचडी चाखली, ती त्याला आवडली, आणि आपल्या आत्मवृत्तात त्याने तिची नोंद केली. गायकवाडांच्या जुन्या धर्मादायातही खिचडीवाटप होते; सयाजीरावांनी असल्या खर्चांना पुढे आळा घातला. परंतु घरातली खिचडी या दानाच्या खिचडीहून निराळी. गुजराती रोजची खिचडी म्हणजे तांदूळ आणि तुरीची किंवा सालाच्या मुगाची डाळ, हळद, मीठ, बस्स. ती गुरगुटी शिजवायची, मध्ये खळगा करून तूप ओतायचे. चव सारी जोडीला येणाऱ्या वस्तूंची : पातळ गोडसर कढी, बटाट्याचे रसदार शाक, पापड, लोणचे. मराठी खिचडीचा बाणा वेगळा. तिच्यात फोडणी, गोडा मसाला, ओले-सुके खोबरे, कधी वांगी-बटाटे; ती मोकळी हवी, आणि ती स्वतःच मुख्य. एक खिचडी पान धरून बसते, दुसरी पानाला पाठीशी घेते.

बडोद्यातील मराठी घरांनी रात्रीसाठी हळूहळू पहिली खिचडी उचलली. याचे कारण आवडीनिवडीत शोधू नये. ते घड्याळात आहे. कचेरीची वेळ झाल्यापासून घरातील मुख्य जेवण सकाळी साडेनवा-दहालाच होऊ लागले, आणि संध्याकाळी हलके, एका भांड्यातले जेवण सोयीचे झाले. शिवाय साधी खिचडी तान्ह्या मुलाला, आजाऱ्याला, म्हाताऱ्याला एकदमच चालते. १९४३ नंतर धान्याचे नियंत्रण आले तेव्हा तर तांदूळ आणि डाळ यांचे जे काही मिळेल ते एकत्र शिजविण्याखेरीज गत्यंतर नव्हते. कढीच्या बाबतीत मात्र कोणी हार मानली नाही. आले, मिरची, कढीलिंब दोघांचाही. मेथीदाणा, लवंग-दालचिनी आणि गूळ गुजराती. लसणाची फोडणी देशावरची. कोणत्या घरात कोणती कढी होते यावरून त्या घरातील सासू कोठली आणि सून कोठली हे ओळखता येई.

येथवर वाचून वाचकाला वाटेल की हा सारा मोठ्या गोडीगुलाबीचा इतिहास आहे. तसे नाही. रात्रीच्या जेवणाला कोण कोणाकडे बसू शकत नव्हते, याचाही इतिहास याच शहराचा आहे.

सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली अमेरिकेस गेलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर सप्टेंबर १९१७ मध्ये संस्थानच्या नोकरीत रुजू होण्यासाठी बडोद्यास आले. राहण्यास जागा मिळेना. हिंदू खाणावळींचा प्रश्नच नव्हता. ते पारशी नाव घेऊन एका पारशी धर्मशाळेत उतरले. तेथला रखवालदार वर खोलीत जेवण आणून देई आणि ते एकट्यानेच जेवीत. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या पारशी जमावाने त्यांना तेथून बाहेर काढले. त्यानंतर दोन परिचितांकडे त्यांनी आसरा विचारला; एक हिंदू होता, एक ख्रिस्ती. हिंदू मित्राने सांगितले की तुम्ही घरी आलात तर माझे नोकर सोडून जातील. ख्रिस्ती मित्राने पत्नीला विचारावे लागेल म्हणून टाळले. हे सारे त्यांनी स्वतः आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे. ज्या दांडिया बाजारात आणि रावपुऱ्यात मराठी-गुजराती वाट्यांची देवाणघेवाण होत होती असे मी वर लिहिले, तेथल्या शेकडो घरांत त्या संध्याकाळी चूल पेटलेली होती. एकाही घरी त्यांचे पान मांडले गेले नाही. आपल्या आजोबांच्या पिढीच्या सौजन्याविषयी लिहिताना हे वगळले तर ते लेखन इतिहास म्हणून घेऊ नये.

इतर भिंती याहून लहान होत्या, परंतु होत्या. जैन शेजारी चोविहार पाळीत. सूर्यास्तापूर्वी त्यांचे जेवण आटोपे आणि मग रात्री पाणीही नाही. आमच्याकडे पाने वाढली जात ती आठला. त्यामुळे शेजारी एकमेकांना वाटी देत ती सकाळची. रात्रीची वाटी क्वचितच गेली. वैष्णव घरांत कांदा-लसूण वर्ज्य. सारस्वत, कायस्थ प्रभू, मराठा घरांत मासळी-मटण चाले, आणि मुंबईच्या गाडीने सुके बोंबील येत. ते भाजायचे म्हणजे खिडक्या बंद करून, रात्री उशिरा, शेजार झोपल्यावर. घर भाड्याने देताना 'तुम्ही खाता का?' एवढाच प्रश्न विचारला जाई. कर्म सांगण्याची गरज नसे. हा प्रश्न मला स्वतःला एका सोसायटीत विचारला गेला आहे, आणि उत्तर 'नाही' असल्याचे सांगून मी जागा मिळविली याचा मला आजही पुरता अभिमान वाटत नाही.

आणि घराच्या आतली भिंत? ती विधवांची. आजोबा १९४४ साली गेले. आजीचे संध्याकाळचे शिजवलेले जेवण त्या दिवसापासून सुटले. व्याळू हा शब्द जिच्या तोंडी मी ऐकला तिलाच व्याळू नव्हती! दुधात भिजविलेल्या कणकेची दशमी, लाह्यांचे पीठ, ताक, एखादे केळे; तेही सोवळ्यात, आपल्या वेगळ्या शेगडीवर. घरात तिने हे जवळजवळ तीस वर्षे पाळले.

थोरल्या बंधूंचे लग्न १९७२ मध्ये झाले. वहिनी चरोतरच्या पाटीदार घरातल्या. दोघेही विद्यापीठात एकत्र शिकलेले. बडोद्यात अशा विवाहाला पूर्वपरंपरा नव्हती असे नाही. दिवाण मनुभाई मेहता यांच्या कन्या हंसाबेन यांनी १९२४ साली जातीबाहेर, डॉ. जीवराज मेहतांशी विवाह केला तेव्हा नागर जातीत केवढे वादळ उठले होते, आणि महाराज त्यांच्या पाठीशी राहिले होते. पुढे याच हंसाबेन बडोद्याच्या विद्यापीठाच्या कुलगुरू झाल्या. परंतु थोरामोठ्यांच्या घरचे उदाहरण आपल्या स्वयंपाकघरात उपयोगी पडत नाही. आमच्याकडे वादळ झाले नाही; थंडी पडली. आजी वहिनींच्या हातचे पाणीही घेत नसे. वहिनींच्या डाळीला घरात 'गोड पाणी' असे नाव पडले होते, आणि ते नाव ठेवणाऱ्यांत मीही होतो. वहिनी वैष्णव घरातल्या. लसणाचा वासही त्यांना सोसत नसे. तरी आमच्या चवीची लसणाची फोडणी त्या रोज देत, आणि स्वतः ती कढी घेत नसत. खिचडीवर नुसते तूप आणि छुंदा घेऊन जेवीत. ही गोष्ट आमच्या लक्षात यायला एक वर्ष लागले. दोन खाद्यसंस्कृतींचा मेळ, असे आज आपण कौतुकाने म्हणतो. बहुतेक घरांत तो मेळ बाहेरून आलेल्या मुलीने उपाशी राहून घातलेला आहे.

कोंडी फुटली ती कोणाच्या मनाच्या मोठेपणाने नव्हे. १९७३ च्या अखेरीस जगभर तेलाचे संकट आले आणि रॉकेलची रांग लांबली. घरात गॅस आला नव्हता. दोन स्टोव्ह आणि एक शेगडी असा थाट चालविणे अशक्य झाले. त्यातच आजीचे दात गेलेले, दशमी चावेना. एका संध्याकाळी तिने वहिनींना हाक मारून विचारले, 'तुझी ती खिचडी मऊ असते म्हणतात, ती किती वेळ शिजवतेस?' वहिनींनी सांगितले. आजीने थोडा विचार केला आणि म्हणाली, 'मग माझ्या मूठभर तांदळासाठी वेगळा स्टोव्ह कशाला?' एवढेच. तीस वर्षांनंतर तिने रात्री शिजलेले अन्न घेतले. कढीवर मात्र तिने तह केला : गूळ घालण्यापूर्वी तिची वाटी काढून ठेवायची. त्या तहात वहिनींनीही आपले एक कलम घातले. लसणाची फोडणी कढईत न देता पळीत करून शेवटी ज्याची त्याने घ्यायची. तेव्हापासून आमच्याकडे कढी तीन टप्प्यांत होते. आधी बिनगुळाची एक वाटी, मग गूळ, मग पळीतला लसूण. आजी १९८१ साली वारली. तिची वाटी आईने चालू ठेवली, कारण तोवर आईलाही मधुमेह जडला होता.

उलट दिशेने काय गेले तेही सांगितले पाहिजे. बडोद्याची सेव-उसळ आज या शहराची खूणच झाली आहे. तिच्यातली 'उसळ' मराठी, सेव गुजराती, आणि पाव दोघांनाही परका. श्रावणातील साबुदाण्याची खिचडी आता दोन्हीकडे सारखीच होते. आपल्याकडे पोहे म्हणजे सकाळचा किंवा पाहुण्यांचा पदार्थ. गुजराती घरांत 'बटाटा-पौंआ' हे सरळसोट रात्रीचे जेवण झाले. मराठी मुलगी गुजराती घरात सून म्हणून गेली आणि रात्री आठला ताटभर पोहे पुढे आले की तिला पहिल्या दिवशी वाटते, जेवण अजून व्हायचे आहे.

१ मे १९४९ रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, १९६० मध्ये गुजरात राज्य झाले, आणि मराठी ही राज्यकर्त्यांची भाषा राहिली नाही. १९६५ साली कोयलीचा तेलशुद्धीकरण कारखाना, त्यामागोमाग खत आणि पेट्रोरसायनांचे कारखाने आले. तमिळ, मल्याळी, बंगाली, पंजाबी कुटुंबे वसाहतींत राहू लागली. शुक्रवारी रात्री इडली, रविवारी रात्री छोले हे मराठी घरांतही रूढ झाले. याविषयी अधिक लिहिण्यासारखे आहे, परंतु ते त्या वसाहतींत वाढलेल्यांनी लिहावे. मी जुन्या शहरातला.

शेवटी एक विनंती. या लेखाच्या निमित्ताने मी काही घरांतील पाककृतींच्या जुन्या वह्या पाहिल्या. एकीत पहिली पाने मोडीत, मधली बालबोधीत आणि अखेरची गुजराती लिपीत आहेत. तीन पिढ्यांच्या तीन हस्ताक्षरांत अनारसे, दूधपाक, आंब्याचा छुंदा, काळा मसाला, हांडवा असे सारे आहे. पण खिचडी-कढी एकाही वहीत नाही. जी वस्तू रोज होते ती लिहून ठेवावी असे कोणाला वाटले नाही. तांदळाला डाळ किती, डाळ कोणती, पाणी किती वाट्या, कढीत गूळ केव्हा, बेसन किती, लसूण असल्यास कोणासाठी. एवढे प्रत्येक सभासदाने आपल्या घरच्या वडीलधाऱ्या बाईंना विचारून एका कागदावर उतरवावे आणि सासर-माहेरच्या गावांसह वाचनालयात आणून द्यावे. हस्ताक्षर वाईट असले तरी चालेल. वाचनालय संध्याकाळी साडेसातपर्यंत उघडे असते; त्यानंतर ग्रंथपालांनाही घरी जेवायला जायचे असते.